पडक्या बेटावरचा किल्लेदार : ऐलन डोनन आणि कर्नल मॅक्रे-गिलस्ट्रॅप

लेफ्टनंट कर्नल जॉन मॅक्रे-गिलस्ट्रॅप यांनी १९११ साली एक बेट विकत घेतले. बेट म्हणजे केवढे? ओहोटीला चालत जाता येईल आणि भरतीला चारी बाजूंनी पाणी चढेल, एवढेच. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉक ड्यूइच, लॉक लाँग आणि लॉक ॲल्श या समुद्राच्या तीन खाड्या जिथे एकमेकींना मिळतात, तिथे हा खडक आहे. जवळच काठावर डॉर्नी नावाचे छोटे गाव. खडकावर पडक्या भिंती होत्या आणि ढासळलेल्या दगडांचे ढीग. छप्पर नाही, दरवाजा नाही, पलीकडे जायला पूलही नाही. जवळजवळ दोनशे वर्षे ऐलन डोनन असाच पडून होता.

पुढची वीस वर्षे कर्नलसाहेबांनी त्या ढिगाऱ्यात घातली. १९३२ च्या जुलैत काम पुरे झाले तेव्हा ते सत्तरीत होते. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९३७ साली, ते वारले.

स्कॉटलंडचे चित्र म्हणून आज जगभर जे छापले जाते त्यात हा किल्ला हटकून असतो: पाण्यातला मनोरा, कमानींचा दगडी पूल, मागे डोंगर. पाहणाऱ्याला वाटते, हे सगळे मध्ययुगापासून असेच उभे आहे. पाया आणि खालचे काही दगडकाम खरोखर जुने आहे. नजरेत भरतो तो वरचा डौल मात्र जेमतेम शंभर वर्षांचा. पूल तर पूर्णपणे कर्नलसाहेबांच्या काळातला. जुन्या किल्लेदारांनी तो कधी पाहिलाच नाही.

हे प्रकरण निवडण्याचे कारण असे की जुन्या वास्तूंची निगा राखणाऱ्या प्रत्येकासमोर येणारा प्रश्न इथे अगदी उघडा पडतो. राखणदाराने हाती आले तेवढे राखायचे, की गेलेले परत उभे करायचे? माझे मत आधीच सांगून टाकतो. मॅक्रे-गिलस्ट्रॅप हे राखणदार म्हणून फार मोठे होते. पुनर्बांधणी करणारे म्हणून त्यांच्यावर पूर्ण विश्वास टाकता येत नाही. ही दोन्ही विधाने एकाच माणसाबद्दल खरी आहेत, आणि एकाने दुसरे खोडले जात नाही.

मालक मॅकेन्झी, किल्लेदार मॅक्रे

ऐलन डोनन म्हणजे डोननचे बेट. डोनन हा सहाव्या-सातव्या शतकातला संत. ६१७ साली तो एग बेटावर मारला गेला असे मानतात. बेटावर फार जुनी तटबंदी असावी, कारण प्रचंड उष्णतेने वितळून काचेसारखे झालेले दगडांचे तुकडे तिथे सापडले आहेत. मोठा किल्ला तेराव्या शतकात उभा राहिला. त्या काळात पश्चिमेकडच्या बेटांवर नॉर्वेच्या राजाची सत्ता होती आणि या किनाऱ्यावर पहारा ठेवणे स्कॉटिश राजाला भाग होते. त्या पहिल्या किल्ल्याचा तट जवळजवळ सगळ्या बेटाला वेढत होता. पुढच्या शतकात तो आक्रसला आणि मूळ विस्ताराच्या एक पंचमांशावर आला. कारण निश्चित सांगता येत नाही, पण लांब तटावर उभी करायला माणसे लागतात, आणि ती पुरत नसतील तर तट लहान करणे शहाणपणाचे.

या प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. किल्ला किन्टेल या आसपासच्या मुलखातल्या मॅकेन्झी घराण्याचा होता. मॅक्रे हे त्यांचे पाठीराखे. लोक त्यांना मॅकेन्झींचे चिलखत म्हणत. १५११ पासून मॅक्रे या किल्ल्याचे वंशपरंपरागत किल्लेदार मानले जातात. इंग्रजीत कॉन्स्टेबल म्हणतात त्या पदाला मराठीत किल्लेदार हाच शब्द नेमका बसतो: किल्ला धन्याचा, किल्ल्या याच्याकडे. वेढा पडला तर मरायचे याने, आणि धन्याने परत मागितला की मुकाट्याने सोडायचाही यानेच.

मरण्याचे प्रसंग आलेही. १५३९ साली स्काय बेटावरच्या स्लीटचा सरदार डोनाल्ड गॉर्म होड्यांचा ताफा घेऊन चालून आला. किल्ल्यात माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांतल्या डंकन मॅक्रेकडे शेवटी एकच बाण उरला, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. तो बाण डोनाल्ड गॉर्मच्या पायात घुसला. त्याने संतापाच्या भरात बाण उपसून काढला, काटेरी टोकाने रक्तवाहिनी फाटली आणि तो गेला. धनी गेल्यावर ताफा परत फिरला. तपशिलात थोडे मीठ-मसाला लागला असेल, पण किल्लेदारीचे सगळे मर्म त्या एका बाणात आहे.

सतराव्या शतकात किल्लेदारी फार्कर मॅक्रे नावाच्या धर्मगुरूकडे होती. जन्म १५८०, तोही याच किल्ल्यातला. चर्च आणि किल्ला दोन्ही त्याच्या गळ्यात. हे नाव लक्षात ठेवावे, कारण तीनशे वर्षांनी दुसरा एक फार्कर मॅक्रे या हकीकतीत येणार आहे.

आणखी एक आठवण मॅक्रे लोक आजही सांगतात. १७१५ साली स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने शेरिफमूरच्या लढाईला निघण्यापूर्वी त्यांचे लोक किल्ल्याच्या छपरावर नाचले. त्या लढाईत ५८ मॅक्रे पडले असे सांगतात. पुढे चारच वर्षांत ते छप्परही राहिले नाही.

मे १७१९

१७१९ सालच्या जॅकोबाइट बंडाला स्पेनची मदत होती. पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवायचे हा बेत. मोठे आरमार वादळात सापडले आणि स्कॉटलंडपर्यंत पोचले ते थोडेसे स्पॅनिश सैनिक. त्यांतले चाळीसेक जण दारूगोळा सांभाळायला ऐलन डोननवर ठेवले होते.

१० मे रोजी रॉयल नेव्हीची वॉर्सेस्टर, एंटरप्राइझ आणि फ्लॅम्बरो ही तीन जहाजे खाडीत आली. बोलणी करायला पांढरे निशाण लावून होडी पाठवली, तिच्यावर किल्ल्यातून गोळ्या झाडल्या गेल्या. मग तोफा सुरू झाल्या. किल्ल्याच्या भिंती काही ठिकाणी १४ फूट जाड होत्या, म्हणजे एका भिंतीच्या जाडीत दोन माणसे डोक्याला पाय लावून सहज झोपतील. जहाजांवरच्या तोफांना त्या लगेच दाद देईनात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भडिमाराच्या आडोशाने होड्यांतून सैनिक उतरले आणि त्यांनी फारशा प्रतिकाराशिवाय किल्ला घेतला. आत बंदुकीच्या दारूची ३४३ पिंपे मिळाली. त्यांतली २७ पिंपे वापरून नौदलाने किल्ला उडवून दिला.

हा हिशेब मुद्दाम दिला. दोन दिवस तोफा डागून जे झाले नाही ते आत ठेवलेल्या दारूने झाले. आणि स्फोटाने पडलेली वास्तू काळाने पडलेल्या वास्तूपेक्षा वेगळी असते. काळ वरून खाली खातो: आधी छप्पर, मग तुळया, मग भिंतीचा माथा. खालचे मजले, खिडक्यांच्या चौकटी, जिन्याच्या पायऱ्या पुष्कळदा शिल्लक राहतात आणि त्यांवरून वरचे कळते. सुरुंग खालून फोडतो. वरचे सगळे खाली येते आणि त्याच ढिगात पुरावाही गाडला जातो. कर्नलसाहेबांच्या हाती आला तो असा पुरावा गाडलेला किल्ला.

एक कर्नल, एक मुकादम, एक आर्किटेक्ट

जॉन मॅक्रे हे कॉन्क्राच्या मॅक्रे शाखेतले. ब्लॅक वॉच या हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागातल्या, नामांकित रेजिमेंटमध्ये त्यांची नोकरी झाली. पत्नी इझाबेला इंग्लंडमधल्या नूअर्कच्या गिलस्ट्रॅप घराण्यातली. बार्लीपासून माल्ट करण्याच्या धंद्यात त्या घराण्याने भरपूर संपत्ती मिळवली होती. जोडआडनाव तिथून आले, आणि पैसाही. पुढे ऐलन डोननवर जे सुमारे अडीच लाख पौंड खर्च झाले, असे सगळीकडे सांगतात, त्यामागचे हे बळ विसरून चालणार नाही. फौजी पगारात किल्ले उभे राहत नाहीत.

हेतूबद्दल थोडे. मॅक्रे कुळाला मान्यताप्राप्त कुळप्रमुख नाही, आजही नाही. त्या मानावरून दोन शाखांमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाद चालू होता. अशा वेळी कुळाचा जुना किल्ला एका शाखेने ताब्यात घेणे ही गोष्ट नुसत्या इतिहासप्रेमाची नसते. मला यात काही गैर वाटत नाही. कुळाभिमान, पैसा आणि खरी माया एकाच माणसात राहू शकतात, आणि वीस वर्षे टिकलेल्या कामात नुसता अभिमान पुरत नाही.

नोंद घेण्यासारखी गोष्ट पदाची आहे. पूर्वजांकडे कधी नव्हती ती मालकी आता हातात असूनही मॅक्रे-गिलस्ट्रॅप यांनी स्वतःला लावून घेतले ते पद जुनेच: ऐलन डोननचे किल्लेदार. पैसे मोजून धनी झालेल्या माणसाने राखणदाराचे नाव धारण केले. शिष्टाचार म्हणून असेल, वारशावर हक्क सांगण्यासाठीही असेल. पण पुढे या घराण्याने किल्ल्याचे जे केले ते या नावाला धरूनच केले.

सुरुवातीचा बेत साधा होता. आहेत त्या भिंती पडू द्यायच्या नाहीत, ढिगारा उपसायचा, अवशेष नीट करायचे. हे काम कर्नलसाहेबांनी दिले डॉर्नीच्या पंचक्रोशीतल्याच एका माणसाला. त्याचे नाव फार्कर मॅक्रे. इंग्रजीत त्याचे पद क्लार्क ऑफ वर्क्स असे नोंदले आहे. साइटवरचा मुख्य माणूस, मुकादम म्हणा.

आणि इथे ती प्रसिद्ध गोष्ट येते. फार्करला स्वप्न पडले. किल्ला पूर्वी जसा होता तसा, सगळ्या तपशिलांसह, त्याला दिसला. त्याने ते कर्नलसाहेबांना सांगितले, आणि डागडुजीच्या कामाचे पुनर्बांधणीत रूपांतर झाले. मार्गदर्शक पुस्तिकांपासून प्रवासवर्णनांपर्यंत सगळीकडे ही गोष्ट असते.

स्वप्नाला पुरावा मानता येत नाही, हे उघड आहे. पण फार्करला भोळा ठरवून मोकळे होणेही मला पटत नाही. ढिगारा उपसण्याचे काम कसे चालते ते पाहा. एकेक दगड हातात घ्यायचा. हा कोपऱ्याचा, याच्या दोन बाजू घडीव आहेत. हा कमानीचा, एका बाजूला निमुळता. हा चौकटीचा, याला बिजागरीसाठी खोबण आहे. असे शेकडो दगड बाजूला काढून लावून ठेवायचे. खाली पायाची रेघ उघडी पडते; इथे भिंत वळते, इथे दार असावे, इथला झिजलेला दगड म्हणजे उंबरठा. हे दिवसभर पाहणाऱ्या माणसाच्या डोक्यात रात्री मनोरा उभा राहिला तर त्यात नवल काय? फार्करने ज्याला स्वप्न म्हटले ते हातांनी गोळा केलेले ज्ञान असावे, असे मला वाटते. फक्त ते कागदावर नव्हते, आणि कोणता भाग पाहिलेला व कोणता मनाने जोडलेला हे वेगळे करण्याची सोय त्यात नव्हती.

कागदावर आणण्याचे काम एडिंबराचे आर्किटेक्ट जॉर्ज मॅकी वॉटसन यांनी केले. जुन्या पायाच्या ज्या रेघा मिळाल्या त्यांवर नवी वास्तू चढली. तळमजल्याला कमानदार छताची खोली, वर मेजवानीचा दिवाणखाना, जाड भिंतीत कोरल्यासारखे जिने, दारावर खाली पडणारे लोखंडी जाळीचे फाटक.

मध्ये पहिले महायुद्ध आले. पुनर्बांधणीचा मुख्य काळ १९१९ ते १९३२ असा धरतात, म्हणजे युद्ध संपल्यानंतरचा. किल्ल्याशेजारी मॅक्रे कुळातल्या युद्धात पडलेल्या लोकांचे स्मारक आहे. त्यावर त्यांची नावे आहेत, दोन्ही बाजूंना त्या युद्धातल्या तोफा ठेवल्या आहेत, आणि कुळाचेच नाव लावणाऱ्या एका कॅनेडियन लष्करी डॉक्टरच्या कवितेतल्या ओळी कोरल्या आहेत. हे स्मारक पाहिल्याशिवाय कर्नलसाहेबांचा निर्णय समजत नाही, असे माझे मत आहे. १९११ मध्ये एका श्रीमंत अधिकाऱ्याने आवडीने अवशेष विकत घेतले होते. १९१९ मध्ये त्याच अधिकाऱ्यासमोर नावांची यादी होती. ज्याच्या कुळातली इतकी माणसे गेली त्याला भग्न भिंती भग्नच राहू द्याव्यात असे वाटेना, तर मी ते समजू शकतो. त्याने हे कुठे लिहून ठेवले आहे असा माझा दावा नाही. तारखा शेजारी ठेवल्या की जे दिसते ते सांगतो आहे.

त्याच वर्षीचा दुसरा कर्नल

तुलनेसाठी मल बेटावरचा डुआर्ट किल्ला घ्यावा. मॅक्लीन कुळाचा हा किल्लाही उजाड झाला होता. १९११ सालीच, म्हणजे ऐलन डोनन विकत घेतले गेले त्याच वर्षी, कुळप्रमुख सर फिट्झरॉय मॅक्लीन यांनी डुआर्ट परत मिळवला. तेही फौजी, क्रिमियाच्या युद्धात लढलेले, १८३५ चा जन्म, वय पंचाहत्तर उलटलेले. आर्किटेक्ट जॉन जेम्स बर्नेट यांच्याकडून त्यांनी किल्ला वर्षभरात राहण्याजोगा करून घेतला आणि १९३६ पर्यंत, वयाची शंभरी ओलांडेपर्यंत, ते जगले.

तिथे एक वर्ष आणि इथे वीस, याचे मुख्य कारण भिंती. डुआर्टच्या भिंती उभ्या होत्या, प्रश्न मुख्यतः छपराचा आणि आतल्या मजल्यांचा होता. ऐलन डोननवर तेवढ्या उरल्या नव्हत्या. दुसरे कारण बेट. पूल होईपर्यंत प्रत्येक गोष्ट होडीने किंवा ओहोटीची वेळ साधून न्यायची. तिसरे कारण हवा. पश्चिम हायलँडमध्ये वर्षातले किती दिवस कोरडे मिळतात हे तिथल्या गवंड्यालाच विचारावे. ओल्या दिवसांत सांधे भरता येत नाहीत, आणि ताज्या सांध्यातले पाणी गोठले तर सांधा भुगा होऊन बाहेर येतो.

डुआर्टची पुढची हकीकतही बोलकी आहे. शंभरेक वर्षांनी त्याच्या भिंतींतून आणि धुराड्यांतून पाणी आत झिरपू लागले आणि मोठे दुरुस्तीचे काम काढावे लागले. किल्ला पुन्हा बांधला की राखणदारी संपते असे नाही. खर्च उलट वाढतो. अवशेषाला छप्पर नसते म्हणून ते गळत नाही. छप्पर घातले की पन्हळी आल्या, सांधे आले, धुराडी आली, आणि दर हिवाळ्याला शिडी लावून वर चढणारा माणूस आला.

आक्षेप, आणि ते खरे का आहेत

१७१४ साली, म्हणजे सुरुंगाच्या पाच वर्षे आधी, लुईस पेटिट नावाच्या लष्करी सर्वेक्षकाने ऐलन डोननची चित्रे आणि आराखडे केले. पडण्यापूर्वीचा किल्ला दाखवणारा हाच मोलाचा पुरावा. आजचा किल्ला त्याच्याशी ताडून पाहिला तर अनेक ठिकाणी जुळत नाही. आतली सजावटही मध्ययुगातल्या वहिवाटीपेक्षा १९२० च्या आसपासच्या माणसाला मध्ययुग जसे आवडत होते तशी आहे. उघडे खडबडीत दगड हे त्याचे ठळक उदाहरण. मध्ययुगातल्या सुखवस्तू घरांत भिंतींना आतून गिलावा असे, वर रंग किंवा पडदे. दगड उघडा ठेवून त्याला जुनेपणा देणे ही नंतरची आवड.

असा आक्षेप घेणारे लोक कर्नलसाहेबांच्या काळातही होते. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सोबत्यांनी इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था काढली, तिचा सगळा रोख पुनर्बांधणीच्या हौसेविरुद्ध होता. जुन्या इमारतीला रोजची निगा द्या, आधार द्या, पाणी मुरू देऊ नका. पण हरवलेला भाग कल्पनेने बनवून त्याला जुना म्हणू नका, असे त्यांचे म्हणणे. पुढे वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने हेच नियमात बसवले: जिथे अटकळ सुरू होते तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि त्यापुढे काही करावेच लागले तर ते नवे आहे हे दिसले पाहिजे.

या कसोटीवर ऐलन डोनन उतरत नाही. स्वप्न हे अटकळीचे टोक आहे. आणि मुख्य दोष मला बांधण्यात नाही, न सांगण्यात दिसतो. नवे आणि जुने यांच्यातली सीमा सहज डोळ्यांत भरेल अशी ठेवली नाही. एखादा बारीक दगडी पट्टा, वेगळ्या रंगाचा सांधा, माथ्यावर कोरलेले साल, एवढ्याने भागले असते. अनेक ठिकाणी असे करतात आणि त्याने वास्तूची शोभा जात नाही. ऐलन डोननवर ते झाले नाही, म्हणून दरवर्षी लाखो लोक १९३२ चा किल्ला पाहून तेराव्या शतकातला किल्ला पाहिल्याच्या समाधानात परततात.

नुकसान आणखी एक. ढिगारा हा नुसता दगडांचा नव्हता. त्यात थर होते. कोणता दगड कुठे पडला होता, कोणत्या थरात राख होती, कुठे कोळसा, कुठे भांडे, याची नोंद ठेवत उपसायला हवे होते. पुरातत्त्वाची ती शिस्त तेव्हा नुकती बाळसे धरत होती, म्हणून एकट्या फार्करला दोष देता येणार नाही. पण उपसलेला थर पुन्हा घालता येत नाही. भिंत चुकीची बांधली तर पाडून परत बांधता येते. थराचे तसे नाही.

तरीही

आता दुसरी बाजू, आणि ती मी तेवढ्याच गंभीरपणे मांडतो. सुरुंगाने पोखरलेल्या भिंती, खारे वारे, भरती-ओहोटी, हिवाळ्यातली गोठण. नुसते अवशेष म्हणून ठेवले असते तरी कुणीतरी सतत लक्ष देणे भाग होते. ते कोण देणार होते? हायलँडच्या किनाऱ्यावर पडक्या किल्ल्यांची वाण नाही. त्यांतले बरेच कुंपणाआड आहेत, आणि दगड पडेल म्हणून आत जाऊ नका अशी पाटी लावलेली असते.

ऐलन डोननला राहते घर मिळाले. मॅक्रे-गिलस्ट्रॅप कुटुंब तिथे येऊन राहू लागले. १९५५ साली किल्ला लोकांसाठी खुला झाला. १९८३ मध्ये कुटुंबाने कॉन्क्रा चॅरिटेबल ट्रस्ट स्थापन केला, आणि किल्ल्याची देखभाल त्याच्याकडे गेली. पुलाच्या अलीकडे, जमिनीच्या बाजूला, १९९८ मध्ये पर्यटकांसाठी केंद्र झाले. स्कॉटलंडमधल्या सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या किल्ल्यांत आज त्याचे नाव येते, आणि तिकिटाचा पैसा छपरावर, सांध्यांवर, माणसांच्या पगारावर जातो.

यातली सर्वांत कठीण पायरी मला ट्रस्टची वाटते. अडीच लाख पौंड घालणारा एखादा श्रीमंत प्रत्येक पिढीत कुठेतरी निघतो. पण आजोबांनी, पणजोबांनी स्वतःच्या पैशाने उभी केलेली वास्तू विश्वस्तांच्या स्वाधीन करायची, हिशेब उघडा ठेवायचा, आणि आपण फक्त किल्लेदार म्हणून राहायचे, हे थोड्यांना जमते. मॅक्रे-गिलस्ट्रॅप यांनी स्वतः घेतलेले ते जुने पद इथे खऱ्या अर्थाने परत आले. किल्लेदारीची परंपरा त्यांच्या वंशजांकडे चालू आहे.

आणि पूल. संरक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर पुलाने किल्ल्याचा जीव काढून घेतला. पाण्याने वेढलेले असणे हेच तर त्या बेटाचे बळ होते. इतिहासाच्या दृष्टीने तो पूल निखालस खोटा आहे. तरी या सगळ्या कामात मी एका गोष्टीला पहिला मान द्यायचा झाला तर पुलाला देईन. भरतीचे वेळापत्रक न पाहता गवंडी रोज कामावर जाऊ शकतो, शिडी नेता येते, गळती दिसली की त्याच दिवशी चढता येते. जिथे पोचायला त्रास होतो ती वास्तू आधी पडते.

दिवाणखान्यात वर पाहिले की जाड तुळया दिसतात. त्या डग्लस फरच्या आहेत. कॅनडातल्या मॅक्रे मंडळींनी भेट म्हणून दिलेल्या. डग्लस फर हे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे झाड; मध्ययुगीन स्कॉटलंडमध्ये त्याचे एक रोपही नव्हते. जीर्णोद्धाराचे नियम हातात घेऊन त्या तुळयांकडे पाहिले तर त्या साफ चुकीच्या ठरतात. पण हायलँडमधून उठलेली कितीतरी कुटुंबे जमीन सुटल्यामुळे, उपासमारीमुळे समुद्रापार गेली होती. त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी परत पाठवलेले लाकूड त्यांच्या जुन्या किल्ल्याचे छप्पर उचलून धरते आहे. त्या तुळयांवर कुठून आल्या ते लिहिले तर त्या इथल्या सर्वांत खऱ्या वस्तू ठरतील, कारण त्या कशाचीही नक्कल नाहीत.

दारावर गेलिक या हायलँडच्या जुन्या भाषेत एक ओळ कोरली आहे. अर्थ असा: जोवर आत एक मॅक्रे आहे तोवर बाहेर एकही फ्रेझर राहणार नाही. फ्रेझर हे मॅक्रेंचे स्नेही कूळ. फ्रेझरांच्या दारावर मॅक्रेंसाठी अशीच ओळ होती अशी आख्यायिका आहे. ओळीत लढाई नाही, तटबंदीचा गर्व नाही. थंडीपावसात आपल्या माणसाला बाहेर उभे करायचे नाही, एवढेच त्यात आहे.

मला कुणी सल्ला विचारला तर मी या किल्ल्यातले काहीही पाडायला सांगणार नाही. एक काम मात्र सुचवीन. अंगणात, जिथे १७१९ मधून वाचलेला भिंतीचा भाग संपतो आणि १९२० च्या दशकातला सुरू होतो, तिथे पाहुण्याला थांबवावे. पेटिटच्या चित्राची प्रत समोर धरावी. इथपर्यंत जुने, इथून पुढे फार्करचे, असे बोट ठेवून दाखवावे, आणि मग त्याला वर घेऊन जावे.